बोर्डावरचे व्होल्ट कुठे गळतात? हिशेब मांडा, चोर सापडेल



आम्ही कापडाचे व्यापारी. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, तेही विजेचे नव्हे. तेव्हा इलेक्ट्रॉनिक बोर्डाविषयी आम्ही लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण आज आपल्या धंद्यात बोर्ड नाही असे यंत्र उरले आहे कोठे? एम्ब्रॉयडरीची मशीन असो, रेपिअर माग असो की इलेक्ट्रॉनिक जकार्ड, प्रत्येकाच्या पोटात एक हिरवी पाटी असते. तिच्यावर शेकडो बारीक पुर्जे तांदळाच्या दाण्यांसारखे खेटून बसवलेले असतात. ती पाटी रुसली की ताणा तयार असून उपयोग नाही आणि कारागीर हजर असूनही नाही. अशा वेळी मालक दोनच गोष्टी करतो. नवा बोर्ड आणतो, नाहीतर कारागिरावर रागावतो. आम्ही दोन्ही केल्या आणि दोन्ही चुकल्या. त्या चुकीतून जे शिकलो ते आज क्रमाने मांडतो.

आमच्यावर गुदरलेला प्रसंग

२०१९ चा मे महिना. रमजान चालू होता आणि ईदचा माल पोहोचवायचा होता. भिवंडीच्या उकाड्यात आमची कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन दुपारी दोन-अडीच तास चालल्यावर एकाएकी थांबायची. पडदा काळा व्हायचा, मग मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हायची, पण डिझाइनची जागा विसरलेली असायची. फ्रेममधले कापड वाया जायचे. सकाळी मशीन थंड असताना काही होत नसे. एकदोन हेड चालवून पाहिले तरी काही होत नसे.

प्रथम आम्ही मशीनवरच्या मुलाला जबाबदार धरले. तो म्हणाला, "सेठ, मी बटणाला हात लावला नाही." आम्ही ऐकले नाही. वाया गेलेल्या दुपट्ट्यांचे पैसे त्याच्या हप्त्यातून कापले.

मग एक मेकॅनिक आला. त्याने पॉवर सप्लायवर, म्हणजे ज्याला सारे एसएमपीएस म्हणतात त्यावर, मीटर लावला. ५.०८ व्होल्ट. "सप्लाय ठीक आहे, बोर्ड गेला," असा निकाल त्याने दिला. नवा बोर्ड आला, तो बसवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच रड. मग त्याने सप्लायवरचा छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेज ५.३५ केले. दोन दिवस मशीन चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद.

शेवटी टीव्ही दुरुस्तीच्या जमान्यापासून काम करणारे एक वयस्क उस्ताद आले. त्यांनी आधी तो स्क्रू मूळ जागी, ५.०८ वर आणला. मग म्हणाले, "सेठ, पैले पूरा लोड दो, बाद में मीटर लगाओ." त्यांनी पुढच्या तासाभरात जे केले तोच आजचा धडा आहे.

आधी मूळ गोष्ट समजून घ्या

वीज तारेतून जाते तेव्हा वाटेत थोडी थोडी खर्ची पडते. ठाण्याहून निघालेला माल नाशिकला पोहोचेपर्यंत हमाली, टोल लागत जावा तसे. हा वाटखर्च किती, याचे सूत्र एका ओळीचे आहे: गळती म्हणजे प्रवाह गुणिले अडथळा. प्रवाह अँपिअरमध्ये, अडथळा ओहममध्ये, गळती व्होल्टमध्ये. ३ अँपिअर प्रवाह ०.०२ ओहमच्या तारेतून गेला तर ०.०६ व्होल्ट वाटेत राहतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, प्रवाह वाढला की गळती वाढते. म्हणून रिकामी मशीन तपासून काही कळत नाही. दुसरी, वीज जाते तशी परतही येते. प्लसच्या तारेत गळती होते तशीच मायनसच्या तारेतही होते. बहुतेक लोक जाण्याचा खर्च मोजतात आणि येण्याचा विसरतात. आमच्या मेकॅनिकची चूक नेमकी हीच होती.

पूर्वी गळतीची फिकीर का नव्हती आणि आता का करावी लागते? २२० किंवा २३० व्होल्टच्या लाइनवर अर्धा व्होल्ट गळाला तर कोणाला पत्ता लागत नाही. पण ५ व्होल्टच्या चिपला साधारण पाच टक्क्यांचीच सूट असते. म्हणजे ४.७५ ते ५.२५. पुष्कळ चिपा ३.३ व्होल्टवर चालतात, त्यांची हद्द साधारण ३.१४ ते ३.४६. आणि आजच्या गच्च बोर्डांवरच्या मोठ्या चिपांच्या गाभ्याला १.२ किंवा १ व्होल्टच लागतो. तेथे पाच टक्के म्हणजे ५० ते ६० मिलिव्होल्ट. तेथे रुपयाची नव्हे, पैशाची तूट पकडावी लागते. कोणत्या चिपला किती सूट आहे हे तिच्या डेटाशीटमध्ये पाहून ठेवावे, अंदाजाने चालू नये.

बऱ्याच बोर्डांवर एक पहारेकरी चिप असते. व्होल्टेज ठरल्या हद्दीखाली गेले की ती संपूर्ण बोर्डाला रीसेट करते, जेणेकरून अर्धवट विजेवर चुकीचे काम होऊ नये. आमच्या बोर्डावर ही हद्द ४.६३ व्होल्ट होती. म्हणजे पडदा काळा होणे हा बोर्डाचा आजार नव्हता. पहारेकरी इमानदारीने आपले काम करीत होता.

उस्तादांची वही

उस्तादांनी मशीन दोन तास चालवून तापू दिली आणि सर्व हेड चालू ठेवले. हेडवरच्या धागा-तुटीच्या छोट्या बोर्डांनाही त्याच ५ व्होल्टमधून वीज मिळते. तेव्हा एकूण प्रवाह ३ अँपिअर होता. रिकाम्या मशीनचा प्रवाह अवघा १.४ अँपिअर. मग त्यांनी मीटर मिलिव्होल्टवर लावला आणि वाटेच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांवर एकेक प्रोब ठेवत गेले. लाल एका टोकाला, काळा दुसऱ्या टोकाला, त्याच तुकड्यावर. आकडे त्यांनी कागदावर असे मांडले:

जमा, सप्लायच्या टोकावर: ५.०८ व्होल्ट

जाताना खर्च:
प्लसची तार: ०.०६
कनेक्टरची प्लस पिन: ०.०३
फ्यूज: ०.०५
बोर्डावरचा चोक: ०.०३
बोर्डाचे तांबे, चिपपर्यंत: ०.०४
एकूण: ०.२१

परतताना खर्च:
बोर्डाच्या ग्राउंडचे तांबे: ०.०२
कनेक्टरची मायनस पिन: ०.२१
मायनसची तार: ०.०६
एकूण: ०.२९

एकूण खर्च ०.५०, चिपच्या पायांवर बाकी ४.५८ व्होल्ट.

४.५८ हे ४.६३ च्या खाली. पहारेकऱ्याने मशीन बंद केली यात त्याचा काय दोष? आणि चोर तर एका नजरेत दिसतो. प्लस पिन ०.०३ खाते आणि तिच्या शेजारची तशीच मायनस पिन ०.२१ खाते. सातपट!

पहिल्या मेकॅनिकला हे का दिसले नाही? त्याने काळा प्रोब सप्लायच्या मायनसवर ठेवून लाल प्रोब चिपवर लावला होता. त्या रीतीने परतीचा सर्व खर्च वगळला जातो आणि मीटर ४.८७ दाखवतो, जो अगदी निरोगी आकडा आहे. शिवाय त्याने मशीन रिकामी ठेवून पाहिले होते. १.४ अँपिअरवर संपूर्ण गळती ०.२३ च्या आसपास होते आणि चिपवर ४.८५ मिळतात, म्हणजे तेव्हाही सारे आलबेल. तेव्हा पहिला नियम पाठ करा: दोन्ही प्रोब चिपच्या अगदी जवळ, तिच्या स्वतःच्या प्लस आणि ग्राउंडवर ठेवा, आणि तेही पूर्ण लोडवर, मशीन तापल्यानंतर.

पिनने असे का केले?

उस्तादांनी कनेक्टर काढून दाखवला. मायनस पिनभोवतीचे पांढरे प्लास्टिक पिवळट-तपकिरी झाले होते. ०.२१ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे ०.६३ वॅट उष्णता एवढ्याशा पिनमध्ये. ती रोज भाजत होती. मशीनचा हादरा सतत बसल्यामुळे पिन आणि तिचे घर एकमेकांवर बारीक बारीक घासतात. कथिलाचा मुलामा झिजतो, त्यावर गंज धरतो, अडथळा वाढतो, उष्णता वाढते आणि त्यामुळे पुन्हा अडथळा वाढतो. आपल्या कारखान्यात यात सुताची लव आणि तेलाची वाफ यांची भर पडते. लव ओल धरून ठेवते, मग गंज लवकर येतो.

नवा बोर्ड बसवला तरी तोच जुना तारेकडचा कनेक्टर पुन्हा लावला होता. म्हणून रोग जागच्या जागी राहिला.

येथे एक इशारा. अशी पिन पॉलिश पेपरने घासून पुन्हा लावू नये. घासल्याने उरलासुरला मुलामाही जातो आणि महिन्याभरात तीच अवस्था येते. पिन आणि तिचे घर दोन्ही नवे घालावे, आणि तार योग्य पकडीने दाबून बसवावी. हादरणाऱ्या यंत्रात दाबलेल्या जोडावर वरून सोल्डर ओतू नये. सोल्डर तारेत चढते, तार तेथे कडक होते आणि नेमकी त्याच जागी तुटते.

नवी पिन घातल्यावर मायनस पिनची गळती ०.०३ झाली. चिपवर ४.७६ मिळू लागले. हद्दीच्या वर, पण काठावर. म्हणून उस्तादांनी प्लस आणि मायनस दोन्हींना तशीच एकेक जादा तार कनेक्टरच्या रिकाम्या पिनांतून समांतर जोडली. तारांचा खर्च ०.०६ वरून ०.०३ वर आला आणि चिपवर ४.८२ आले. सप्लायच्या स्क्रूला हातही लावावा लागला नाही.

स्क्रू फिरवणे हा इलाज का नाही?

कारण तूट जागीच राहते आणि आपण फक्त जमा वाढवतो. सप्लाय ५.३५ वर ठेवला तेव्हा सप्लायच्या अगदी जवळ, छोट्या तारेवर असलेल्या बोर्डाला जवळपास तेवढेच मिळू लागले. त्याची हद्द ५.२५. म्हणजे एकाची भूक भागवताना दुसऱ्याला अजीर्ण. दरम्यान पिन आणखी खराब होत राहिली आणि तिसऱ्या दिवशी वाढवलेली जमाही पुरेना. दुकानातली चोरी थांबवायची सोडून रोज गल्ल्यात खिशातले पैसे टाकण्यासारखे हे आहे.

गच्च बोर्डाच्या आत गळती कशी शोधावी?

आमची गळती बोर्डाबाहेर निघाली. पण कधी ती बोर्डाच्या आतच असते, आणि पुर्जे खेटून बसलेले असल्याने ती शोधणे अवघड जाते. त्यासाठी तांब्याचा हिशेब ठाऊक हवा.

बोर्डावरचे तांबे बहुधा ३५ मायक्रॉन जाड असते. अशा तांब्याचा कोणताही एक चौरस तुकडा, मग तो १ मिलिमीटरचा असो की १ सेंटिमीटरचा, सुमारे अर्धा मिलिओहम अडथळा देतो. तेव्हा ट्रॅकमध्ये किती चौकोन बसतात ते मोजा. १ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब ट्रॅकमध्ये १०० चौकोन, म्हणजे ५० मिलिओहम. त्यातून २ अँपिअर नेले तर ०.१ व्होल्ट गळतात. ३.३ व्होल्टच्या लाइनची पाच टक्क्यांची सूट ०.१६५ आहे. त्यातले ०.१ एका ट्रॅकनेच खाल्ले. आतल्या थरांचे तांबे पुष्कळदा याच्या निम्मे जाड असते, तेथे हिशेब दुप्पट धरावा. तांबे तापले की अडथळा दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ४० अंश तापल्यावर सुमारे १६ टक्के. "दुपारीच का बिघडते?" याचे एक उत्तर येथे आहे.

थरांना जोडणारी बारीक भोके, ज्यांना व्हाया म्हणतात, तीही खर्च करतात. ०.३ मिलिमीटरचे एक भोक नेहमीच्या जाडीच्या बोर्डात सुमारे १ मिलिओहम. एकट्या भोकातून मोठा प्रवाह नेला तर ते तापते. म्हणून चांगल्या बोर्डावर पॉवरसाठी भोकांचा पुंजका असतो. गच्च चिपेखाली इतकी भोके असतात की पॉवरच्या सलग थराची चाळणी होते. कापड अखंड दिसते, पण धागे जागोजागी तुटलेले. आता विचार करा, १ व्होल्टच्या चिपला १० अँपिअर लागत असतील आणि वाटेत ३० मिलिव्होल्टचीच मुभा असेल, तर जाण्यायेण्याचा एकूण अडथळा ३ मिलिओहमच्या आत हवा. म्हणूनच असे बोर्ड बनवणारे रेग्युलेटर चिपेच्या शेजारी बसवतात आणि त्याची व्होल्टेज पाहण्याची तार थेट चिपेजवळून आणतात.

आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात पडद्याचे कार्ड असेच अडले होते. ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर नीट ३.३० देत होता, पण चिपवर ३.१२ होते. तुकड्या-तुकड्याने मोजल्यावर एका फेराइट बीडवर ०.१८ व्होल्ट निघाले. आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी त्याच आकाराचा, पण ०.३ ओहमचा बीड लावला होता. मूळचा ०.०३ ओहमचा होता. ०.६ अँपिअर गुणिले ०.३, बरोबर ०.१८. आकार सारखा म्हणून माल सारखा नसतो, हे आपल्या कापडवाल्यांना सांगायला नको.

मोजण्याची पायरी-पायरी रीत

एक. आधी सप्लायच्या टोकावर पूर्ण लोडवर मोजा. तेथेच व्होल्टेज पडत असेल तर दोष सप्लायचा, जादा ओझ्याचा किंवा मेन लाइनचा आहे. त्याच वेळी मशीनच्या टर्मिनलवर मेन लाइनही मोजा. टोकावर ठीक आणि चिपवर कमी असेल, तरच वाटेचा शोध घ्या.

दोन. काळा प्रोब सप्लायच्या मायनसवर ठेवून लाल प्रोब चिपच्या ग्राउंड पायावर लावा. जो आकडा येईल तो परतीचा खर्च. आमच्याकडे तो ०.२९ होता. ही एक चाचणी पुष्कळ वेळ वाचवते.

तीन. मग वाट अर्ध्यावर तोडा. सप्लायपासून कनेक्टरपर्यंत किती, कनेक्टरपासून चिपपर्यंत किती? ज्या अर्ध्यात जास्त, त्याचे पुन्हा दोन भाग. चार-पाच मापांत जागा सापडते.

चार. ओहमवर किंवा 'बीप'वर विश्वासू नका. मीटरच्या तारांचाच अडथळा ०.१ ते ०.३ ओहम असतो. आमची खराब पिन ०.०७ ओहमची होती. बीप तर चांगल्या पिनवर वाजतो तसाच खराब पिनवरही वाजतो. प्रवाह चालू ठेवून मिलिव्होल्ट मोजणे हीच खरी तपासणी.

पाच. मीटर सर्व ठीक सांगत असेल आणि तरीही रीसेट होत असेल, तर क्षणिक झोल असू शकतो. साधा मीटर सरासरी दाखवतो. लाखाव्या भागाच्या सेकंदात व्होल्टेज बुडून वर आले तर त्याला कळत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो, आणि त्याची ग्राउंड तार लांब न सोडता चिपेच्या ग्राउंडवर अगदी आखूड जोडावी. लांब तार नसलेला गोंधळही दाखवते.

कॅपॅसिटर: गोदाम आणि गल्ला

चिप एकाएकी प्रवाह मागते तेव्हा सप्लाय तितक्या झटपट पोहोचवू शकत नाही. मधली गरज कॅपॅसिटर भागवतात, ज्यांना आपले जुने कारागीर कंडेन्सर म्हणतात. मोठे गोल कॅपॅसिटर म्हणजे गोदाम. चिपेच्या पायाशी बसलेले ०.१ मायक्रोफॅरडचे दाणे म्हणजे काउंटरवरचा गल्ला. गोदाम भरलेले पण गल्ल्यात सुट्टे नाहीत, तर गिऱ्हाईक ताटकळते. उलटही तेच.

गोल कॅपॅसिटर उष्णतेने वाळतात. ढोबळ नियम असा की दर १० अंश जादा तापमानाला आयुष्य निम्मे होते. डोके फुगलेले दिसले तर तो गेलाच, पण न फुगलेलाही आतून सुकलेला असू शकतो. बारीक सिरॅमिक दाण्यांची वेगळी खोड आहे. त्यांच्यावर व्होल्टेज चढले की त्यांची क्षमता घटते. छोट्या आकाराचा, ६.३ व्होल्टचा, १० मायक्रोफॅरड लिहिलेला दाणा ५ व्होल्टवर निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. म्हणून बदलताना तोच आकार, तेच व्होल्ट आणि तीच जात पाहावी.

परीक्षा सोपी आहे. मशीन बंद करून संशयित गोल कॅपॅसिटरला प्लस-मायनस सांभाळून एक चांगला कॅपॅसिटर समांतर जोडा आणि मग चालवा. रीसेट थांबले तर जुना सुकला आहे. फरक पडला नाही तर वाटेची गळती किंवा जादा ओझे शोधा.

जादा ओझे म्हणजे एखादा पुर्जा नको इतका प्रवाह पिणे. पुष्कळदा अर्धवट शॉर्ट झालेला सिरॅमिक दाणा हे करतो. मशीनची वीज काढून, बाहेरच्या सप्लायने १ व्होल्टच्या आत आणि १-२ अँपिअरला बांधलेला प्रवाह त्या लाइनवर द्या. दोषी पुर्जा आधी तापतो. बोर्डावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा पातळ हात फिरवला तर ते त्या जागी प्रथम सुकते. हे द्रव पेट घेते, तेव्हा विस्तव आणि ठिणगी दूर ठेवा.

जीव सांभाळा

५ व्होल्टला हात लागला तर काही होत नाही, पण एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक असतात आणि वीज बंद केल्यावरही काही काळ टिकतात. त्याचे झाकण अनभिज्ञाने उघडू नये. चालू बोर्डावर मोजताना प्रोब घसरला तर दोन पाय जोडले जाऊन चांगली चिप जळते. टोकदार प्रोब वापरा, घाईघाईत काम करू नका. हवेच्या पाइपने बोर्ड झाडण्याची आपल्याकडे सवय आहे, पण कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असते आणि ते लव आत ढकलते. मऊ ब्रशने झाडावे. पॉवरचे कनेक्टर सीझनच्या आधी एकदा उघडून पाहावे. प्लास्टिक पिवळे दिसले की समजून घ्यावे.

शेवटी हिशेबाची गोष्ट

त्या एका पिनसाठी आम्ही नवा बोर्ड घेतला, माल उशिरा दिला आणि गिऱ्हाईकाचे ऐकून घेतले. जुना बोर्ड निर्दोष निघाला, तो आजही कपाटात जादाचा म्हणून ठेवला आहे. हे सारे पैशाचे नुकसान होते, ते भरून निघाले.

पण त्या मुलाचे काय? उस्तादांनी कागदावर आकडे मांडले तेव्हा तो शेजारीच उभा होता. ०.२१ खाणारी पिन त्याने पाहिली आणि आमच्याकडेही पाहिले, बोलला काही नाही. ईदच्या आदल्या दिवशी आम्ही कापलेले पैसे त्याच्या हाती परत दिले आणि ज्या कारागिरांसमोर त्याला बोललो होतो त्यांच्याच समोर माफी मागितली. तो आजही आमच्याकडे आहे. मिलिव्होल्ट मोजणे आता तोच करतो, आणि आमच्या मशीनच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे, त्यावर चांगल्या अवस्थेतले सगळे आकडे त्याच्याच हाताने लिहिलेले आहेत.

आपणही असा कागद करा. मशीन नीट चालत असतानाच पूर्ण लोडवर प्रत्येक तुकड्याची गळती मोजून, तारीख घालून लिहून ठेवा. उद्या बिघाड झाला की जुना आकडा आणि नवा आकडा समोरासमोर ठेवले म्हणजे चोर स्वतःहून उभा राहील. आणि तो सापडेपर्यंत कोणाच्या हप्त्याला हात लावू नका.